‘ड्यूक, लंडन’ असा शिक्का असलेले व्हायोलिन कसे पारखावे

रिचर्ड ड्यूक हा अठराव्या शतकातील लंडनचा नामांकित व्हायोलिन कारागीर. साधारण १७५० पासून १७८३ पर्यंत होबर्न भागात त्याचे काम चालले. पाठीच्या पाटीवर, मान जिथे टेकते त्या अर्धगोल टोकाखाली, ‘ड्यूक लंडन’ ही अक्षरे डागण्याची त्याची रीत होती. पुढे जर्मन कारखान्यांनी हाच डाग आपल्या स्वस्त मालावर सर्रास उमटवला, आणि नक्कल करणाऱ्यांनी इतर इंग्रज कारागिरांपेक्षा त्याचीच निवड करावी हीच त्याच्या कीर्तीची पावती म्हणायची. त्यामुळे शिक्का सर्वांत शेवटी वाचावा. आधी लाकूड वाचावे.

पहिल्यांदा मान पाहावी. त्या काळातील माना आजच्यापेक्षा आखूड असत आणि १८०० च्या आगेमागे जुन्या वाद्यांना लांब माना बसवताना वरचे वळसेदार शीर्ष तेवढे जपून ठेवले जाई, त्यामुळे खुंट्यांच्या पेटीच्या दोन्ही गालांवर जुन्या-नव्या लाकडाचा सांधा दिसतो. हा सांधा नसेल तर संशय घ्यावा, पण असला म्हणून निःशंक होऊ नये, कारण नकली वाद्यांवर सांध्याची नुसती रेघही कोरलेली आढळते. आत लेबलावर ‘जर्मनी’ असे छापलेले असेल, तर शोध तिथेच संपला: आयात मालावर उत्पादनाचा देश लिहिण्याची सक्ती ब्रिटनमध्ये १८८७ च्या आणि अमेरिकेत १८९० च्या कायद्यानंतर आली.

त्यानंतर पोटाच्या पाटीवरील स्प्रूस या सूचीपर्णी लाकडाच्या वर्षवलयांची तज्ज्ञाकडून मोजणी करून घ्यावी. सर्वांत अलीकडचे वलय १८२० चे निघाले, तर १७८३ मध्ये काम संपलेल्या ड्यूकचे ते वाद्य असूच शकत नाही. वलय १७५० चे निघाले तरी कारागीर तोच, हे मात्र सिद्ध होत नाही. तो निर्णय घडणीवरूनच होतो. ड्यूकने टिरोलचा कारागीर स्टायनर आणि इटलीतील आमाती घराणे या दोन्ही धर्तींवर काम केले. पैकी स्टायनर धर्तीची उंच फुगीर पाटी मधुर पण मर्यादित आवाज देते, म्हणून मोठ्या सभागृहात वाजवणारे वादक तिच्यामागे फारसे लागत नाहीत, आणि त्याच काळातील इटालियन वाद्यांच्या तुलनेत इंग्रज व्हायोलिन बरेच स्वस्त राहते, त्यामागे हेही एक कारण आहे.

लिलावाच्या सूचीत शब्द काटेकोरपणे वाचावेत. कारागिराचे नाव निःसंदिग्ध दिले असेल तर ते लिलावगृहाचे स्वतःचे मत असते. ‘अमुक याचे मानले जाणारे’ यात शंका असते. आणि ‘अमुक लेबल असलेले’ म्हणजे आत तसा कागद चिकटवलेला आहे, एवढेच. घोषित बोलीवर खरेदीदाराला लिलावगृहाचे शुल्क वेगळे भरावे लागते, तर विक्रेत्याच्या रकमेतून दलाली कापली जाते. म्हणून विम्यासाठी काढलेले मूल्यांकन, जे दुकानातील नव्या खरेदीच्या भावाने केलेले असते, ते विक्रीची अपेक्षा म्हणून धरू नये.

किंमत ठरवण्याआधी ‘एफ’ आकाराच्या भोकातून छोटा आरसा आणि दिवा घालून आतील साउंडपोस्टची, म्हणजे दोन्ही पाट्यांमध्ये उभ्या असलेल्या छोट्या दांडीची, जागा तपासावी. तिथे पाठीच्या पाटीला तडा असेल, तर दुरुस्ती कितीही सुबक असली तरी अस्सल ड्यूकचाही भाव मोठ्या प्रमाणात उतरतो.