मोठे रिम बसवताय? टायर निवडताना या चुका टाळा

"दादा, रिम घेतलेत. आता यावर कुठला टायर बसेल?"

टायर बदलण्याचं आणि अलाइनमेंटचं काम करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की गाडीची डिकी उघडायच्या आधीच आत काय असणार ते कळतं. चार चकचकीत अलॉय, खोक्यातून नुकतेच काढलेले. मालक खुश असतो. मला मात्र आता त्याला सांगायचं असतं की क्रम उलटा झालाय. आधी टायर ठरतो, मग रिम. गाडीचं वजन टायरमधली हवा पेलते आणि ब्रेक लागतो तो टायर रस्त्याला धरतो म्हणून. जमिनीला टेकलेला तो तळहाताएवढा तुकडा काय करतो, यावर सगळं ठरतं. रिम त्याला धरून ठेवतो, एवढंच त्याचं काम. फोटोत रिम दिसतो म्हणून लोक रिम आधी घेतात आणि मग त्यावर जो चढेल तो टायर शोधत बसतात. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

मधला आकडा न समजणं

१८५/६५ आर १५ हा टायर घेऊ. १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. मधला ६५ मात्र मिलिमीटरही नाही आणि इंचही नाही, तो रुंदीचा टक्का आहे. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी, ही साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची. साइडवॉल वरही आहे आणि खालीही, म्हणून ती दोनदा धरायची: २४०.५. त्यात १५ इंचांचे ३८१ मिमी मिळवले की टायरचा पूर्ण व्यास आला, ६२१.५ मिमी. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. नवा टायर कुठलाही घ्या, त्याचा व्यास याच्या आसपास राहिला पाहिजे.

आता कोणी म्हणतो, "टायर तोच ठेवा, फक्त १६ इंची द्या." १८५/६५ आर १६ चा व्यास होतो ६४६.९, म्हणजे ४ टक्के जास्त. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं आणि गाडीला त्याचा पत्ता नसतो. स्पीडोमीटर आधी १०० दाखवायचा त्या वेगाला आताही १००च दाखवतो, पण गाडी १०४ ने पळत असते. गिअर उंच झाल्यासारखं वाटतं आणि चढावर पिकअप मरतं. शिवाय टायर मडगार्डच्या १३ मिमी जवळ सरकतो.

त्याऐवजी १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास ६२०.९ येतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक, तो कुणालाच कळणार नाही. १७ इंचाला २०५/४५ चा व्यास ६१६.३ भरतो, तोही चालतो. पण २०५/५० घेतलात तर ६३६.८ होतो, म्हणजे १५ मिमी जास्त. एका आकड्याच्या फरकाने एवढं बदलतं. रिम एक इंच वाढला की रुंदी १० ने वाढवा आणि टक्का १० ने कमी करा, असा एक ठोकताळा आहे. सुरुवातीला तो बरा पडतो, पण मी दर वेळी बेरीज करतोच. २ टक्क्यांच्या आत फरक असेल तर मला चालतं. ३ टक्क्यांच्या वर असेल तर मी टायर चढवत नाही. हिशेबाला मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर माझ्या मते रिम बदलण्याची वेळ अजून आलेली नाही.

ऑफसेट न बघणं, आणि रिकाम्या गाडीवर ट्रायल घेणं

याच चुकीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

रिमच्या मागच्या बाजूला ६जे, ईटी ४५ असं काहीतरी कोरलेलं असतं. ६ म्हणजे रिमची रुंदी इंचात. ईटी म्हणजे ऑफसेट: रिमच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते. हा आकडा जेवढा कमी, तेवढं चाक गाडीच्या बाहेर येतं. दुकानात रिम निवडताना चाक बाहेर आलेलं छान दिसतं, म्हणून कमी ऑफसेटचे रिम हातोहात जातात.

एक तरुण असेच १७ इंची रिम घेऊन आला होता. मूळ चाक ६जे, ईटी ४५, टायर १८५/६५ आर १५. नवे रिम ७जे, ईटी ३५. त्यावर त्याने आधीच २०५/५० घेऊन ठेवले होते. मी हिशेब मांडून दाखवला. ऑफसेटमुळे चाक १० मिमी बाहेर जाणार, टायर रुंद झाल्याने आणखी १० मिमी, आणि व्यास वाढल्याने टायर साडेसात मिमी वर चढणार. त्याने आम्हाला चाकं लावायला लावली, आवारात एक चक्कर मारली, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं. कुठेच घासलं नाही. "बघा दादा, बसलं की," म्हणाला आणि गेला. रिकामी गाडी होती, आत तो एकटा. मी त्याला तसं जाऊ द्यायला नको होतं, हे मला आजही वाटतं.

तीन आठवड्यांनी तो परत आला. मागून "खर्र" असा आवाज येतो, म्हणाला. घरची पाच माणसं आणि सामान घेऊन तो दूरच्या प्रवासाला जाऊन आला होता. मी गाडी जॅकवर घेतली आणि मागचं डावं चाक काढलं. मडगार्डच्या आतल्या कडेवर रबराचा काळा भुगा चिकटला होता. बोटाने पुसला तर खाली रंग उडून पत्रा चकचकीत झालेला. टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून, म्हणजे जिथे रस्त्याला टेकणारा भाग साइडवॉलकडे वळतो तिथून, बोट फिरवलं तर सगळीकडे सारखी एक खाच लागली, नखाचं टोक आत जाईल एवढी. एका जागी रबर सोलून आतले धागे दिसायला लागले होते. त्या जागी टायर फुटला असता तर तो प्रत्येक खड्ड्यात भरलेल्या गाडीच्या वजनाने दाबला जात असतानाच फुटला असता, वेगात, पाच माणसं आत असताना. त्याला तो टायर हातात दिला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग त्याने विचारलं, मडगार्डची कड हातोड्याने आत वळवून घेऊ का? असं करणारे आहेत. मी करत नाही आणि करूही देत नाही. कड वळवली की रंगाला तडे जातात, तिथून गंज धरतो आणि मूळ चूक जागेवरच राहते. शेवटी त्याने ते रिम विकले आणि १६ इंची, साडेसहा जे, ईटी ४५ घेतले, वर १९५/५५. चाकाची बाहेरची कड मूळपेक्षा जेमतेम ६ मिमी बाहेर. तेव्हापासून गाडी भरून कुठेही जातो, घासत नाही.

तेव्हापासून मी एक ठरवलंय. नवीन चाकं लावली की मागे तीन माणसं बसवतो, डिकीत वजन टाकतो. टायरच्या खांद्यावर, बाहेर आणि आत, पांढऱ्या खडूने आडव्या रेघा ओढतो. मग गाडी गतिरोधकावरून दोनदा नेतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून पुढे-मागे घेतो. रेघ पुसली गेली असेल तर टायर घासतोय, वाद घालायचं कारण नाही. आतल्या बाजूच्या रेघा विसरू नका. रुंद रिम आतही सरकतो आणि शॉकॲब्झॉर्बरला किंवा ब्रेकच्या पाइपला लागलेला टायर बाहेरून दिसतच नाही.

टायरवरचा वजनाचा आकडा न वाचणं

आकाराच्या पुढे ८८एच असं लिहिलेलं असतं. ८८ हा लोड इंडेक्स: एक टायर ५६० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०. वेगाच्या अक्षराबद्दल सगळे विचारतात, वजनाच्या आकड्याबद्दल कुणीच नाही.

साइडवॉल कमी झाली की आतली हवाही कमी होते आणि टायर कमी वजन पेलतो. १८५/६५ आर १५ साधारण ८८ चा असतो. साधा २०५/४५ आर १७ असतो ८४ चा, म्हणजे ५०० किलो. चार टायर मिळून २४० किलोंची तूट, म्हणजे तीन मोठी माणसं. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर कधीही घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त मिळो.

यावर उपाय म्हणून एक्सएल, म्हणजे जास्त वजनाचा टायर मिळतो. त्याच आकारात तो ८८ चा असतो. इथे मात्र माहीतगार लोकही चुकतात. साधा टायर आपलं पूर्ण वजन ३६ पीएसआय हवेवर पेलतो, तर एक्सएल टायर ते ४२ वर पेलतो. त्यामुळे एक्सएल घालून हवा जुनीच, समजा ३३, ठेवली तर तो टायर जुन्यापेक्षा कमी वजन पेलतोय. खांदे झिजतात, टायर गरम होतो, आणि मालक म्हणतो कंपनीने माल खराब दिला. मी अशा वेळी दारावरच्या स्टिकरपेक्षा साधारण ५ पीएसआय हवा जास्त ठेवतो, तीही टायर गार असताना, आणि टायर कंपनीच्या तक्त्याशी एकदा ताडून बघतो.

साइडवॉल नको तेवढी कमी करणं

४५ किंवा ४० च्या टायरवर गाडी वळणात छान बसते, हे खरं आहे. पण खड्ड्याची धार लागली की टायर रिम आणि धारेच्या मध्ये चिमटतो, आतले धागे तुटतात आणि साइडवॉलला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. फेकायचाच. रस्ते खराब असतील तर एक इंच वाढवा आणि तिथेच थांबा, हे माझं ठाम मत आहे. दोन इंच वाढवलेली गाडी चांगली दिसते, पण तिचा मालक पुढे बघून गाडी चालवतच नाही. त्याची नजर सतत चाकाखालच्या रस्त्यावर असते.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पीसीडी (नटांची भोकं किती आणि ती किती मिमी व्यासाच्या वर्तुळावर आहेत) "जवळपास तोच" म्हणून बसवणं. ४×९८ चा रिम ४×१०० च्या हबवर जोर लावला तर चढतो, पण नट तिरके बसतात. असा रिम मी परत पाठवतो.

हबचं भोक मोठं असलेला रिम रिंगशिवाय लावणं. हब ५४.१ मिमीचा आणि रिमचं भोक ७३.१ चं असेल तर मध्ये मापाची हब रिंग लागतेच. नाहीतर ८०-१०० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत बसतात.

रुंद रिमवर अरुंद टायर ताणून चढवणं. कोणत्या टायरला किती रुंद रिम चालतो हे टायर कंपनी सांगते. १९५/५५ आर १६ ला साडेपाच ते सात इंच चालतो. याच्या बाहेर जाऊ नका.

तारीख न बघता टायर घेणं. साइडवॉलवर चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायरवर बघा, एकावर बघून समाधान मानू नका.

दोनच चाकं मोठी करणं. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या-मागच्या व्यासात फरक पडला तर मधल्या गिअरबॉक्सचं वाटोळं होतं.

जुन्या रिममधले हवेच्या दाबाचे सेन्सर काढून घ्यायला विसरणं. जुने टायर विकले की त्यांच्यासोबत तेही जातात.

जुने नट फेकून देणं

एवढी छोटी गोष्ट, पण माझ्या भावाला ती रात्री, पावसात, रस्त्याच्या कडेला कळली. टायर पंक्चर झाला, स्टेपनी मूळची लोखंडी डिस्कवाली होती, व्यास सारखा असल्याने तात्पुरती चालणारी. पण अलॉयसोबत आलेल्या नटांची बैठक, म्हणजे रिमला टेकणारी बाजू, वेगळी. स्टेपनीवर ते नट आवळले तरी चाक हलत राहिलं. मूळचे नट घरी माळ्यावर होते. आता त्याच्या डिकीत जॅकशेजारी एका कापडी पिशवीत ते नट आणि पाना कायमचे ठेवलेले असतात. तुम्हीही आजच ठेवा.

आणि चाकं लावून झाली की नट हवेच्या गनने आवळून सोडून देऊ नका. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला), टॉर्क पान्याने, एकाआड एक आवळा. नव्या अलॉयची बैठक दबते आणि नट किंचित सैल पडतात, म्हणून ५० ते १०० किलोमीटरनंतर तेच पुन्हा करायचं. मी प्रत्येकाला परत यायला सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे मी पैसे घेत नाही. तरीही निम्मे लोक येत नाहीत, मग तिसऱ्या दिवशी मीच त्यांना फोन करतो.