जुन्या थारला मोठे टायर लावताना पुढची उंची कशी जुळवावी

२०१० साली बाजारात आलेल्या महिंद्रा थार सीआरडीईच्या (कॉमन रेल डिझेल इंजिनच्या थारच्या) पुढच्या सस्पेन्शनमध्ये कॉइल स्प्रिंग नसून टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन भार पेलणारा पोलादी दांडा असतो. त्याच्या मागच्या टोकाच्या आर्मवरील बोल्ट आवळला की गाडीचे नाक वर येते. २०२० च्या नव्या थारला पुढे कॉइल स्प्रिंग असल्यामुळे ही पद्धत तिला लागू पडत नाही.

कंपनीच्या २३५/७० आर १६ टायरचा व्यास सुमारे ७३५ मिमी, तर २४५/७५ आर १६ चा सुमारे ७७४ मिमी भरतो. म्हणजे निव्वळ टायरमुळे गाडी १९ मिमी उंच होते आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा सुमारे पाच टक्के कमी वेग दाखवू लागतो.

बोल्ट आवळण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. चाक जास्तीत जास्त किती वर जाणार, हे बंप स्टॉप, म्हणजे चाकाची वरची हालचाल थांबवणारा अडथळा ठरवतो आणि टॉर्शन बार कितीही आवळला तरी ती मर्यादा बदलत नाही. त्यामुळे सपाट रस्त्यावर मोकळा फिरणारा टायर खड्ड्यात चाक पूर्ण दाबले गेल्यावर, विशेषतः स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना, मडगार्डला किंवा चॅसीला घासू शकतो. टायर बसतो की नाही, याची परीक्षा त्याच स्थितीत घ्यावी. तिथे घासत असेल तर लहान टायर निवडणे हाच खरा उपाय होय.

गाडी सपाट जागी उभी करून चारही टायरमधील हवा सारखी करावी आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवावे. हे माप टायरच्या आकारावर अवलंबून नसल्याने केवळ सस्पेन्शनमुळे किती फरक पडला ते अचूक कळते. नंतर मागच्या चाकांना ठोकळे लावून, चॅसी जॅकने उचलून मजबूत स्टँडवर टेकवावी, जेणेकरून पुढची चाके लोंबकळतील आणि बोल्टवरचा ताण कमी होईल. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. बोल्टचे आटे साफ करून तेल सोडावे, दोन्ही बोल्ट थोडे थोडे आवळावेत आणि फेरे मोजावेत. बोल्ट पूर्ण काढण्याचा मोह टाळावा, कारण चाके लोंबकळत असतानाही बारमध्ये पीळ शिल्लक असू शकतो.

गाडी खाली उतरवल्यावर काही मीटर पुढे-मागे चालवून सस्पेन्शन बसू द्यावे आणि मगच माप घ्यावे. माझ्या मते मूळ मापापेक्षा २५ मिमीच्या पुढे जाऊ नये. अधिक आवळल्याने बार कडक होत नाही, परंतु चाकाला खाली जाण्यासाठी उरलेली जागा संपते, चाक धरणारी सस्पेन्शनची आर्म खालची हालचाल थांबवणाऱ्या स्टॉपवर वरचेवर आदळते आणि गाडी दणके देऊ लागते; शिवाय चाकाला फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून सीव्ही जॉइंट, म्हणजे शाफ्टचे वळणारे सांधे, आणि त्यांचे रबरी बूट लवकर खराब होतात. चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हेही पाहावे.

उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) दोन्ही बदलतात, म्हणून त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि हेडलाइटचा झोत खाली आणावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील फेरबदलांवर बंधने घालते, त्यामुळे टायरचा आकार ठरवण्याआधी आरटीओत चौकशी केलेली बरी.