एमजीबीला पाचवा गिअर

माझी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६६ ची. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून दात्यांचा वेग जुळवणारी रचना) नाही, ओव्हरड्राइव्हही (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) नाही. इंग्लंडच्या मोटरवेवर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३,९०० फेऱ्यांच्या आसपास फिरायचं. बायकोशी बोलायलाही ओरडावं लागे. म्हणून फोर्ड सिएरा गाडीचा पाच गिअरचा टाइप ९ गिअरबॉक्स बसवला.

या गाडीत गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, इंजिनासकट वर उचलावा लागतो. या बदलासाठीच्या किटमध्ये बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) आणि माउंटिंग मिळतं. क्लच प्लेट फोर्डच्या स्प्लाइनची (शाफ्टवरच्या खाचांची) लागते, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपशाफ्टही बदलावा लागतो.

खरी काळजी घ्यायची ती क्रँकशाफ्टच्या टोकातल्या छोट्या सच्छिद्र ब्राँझ बुशची; गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात टेकतं. ते कोरडं ठोकू नका. एक तोंड बोटाने बंद करा, आत तेल भरा आणि वरून अंगठ्याने दाबा. बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब फुटले की ते तयार.

जुन्या गिअरबॉक्सला इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० चालायचं, टाइप ९ ला गिअर ऑइल हवं. त्याला ड्रेन प्लग नसतो, हेही लक्षात ठेवा.

पाचव्याचं गुणोत्तर ०.८२, त्यामुळे ७० ला काटा आता ३,२०० वर. फार सुख आहे! स्पीडोमीटर जुळवून घ्यायचा तेवढा राहिलाय.