तांब्याची लाइन सोडून फायबरवर घरचा फोन

तांब्याच्या लाइनवरचा फोन दिवे गेले तरी चालायचा, कारण त्याला लागणारी सुमारे ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेवरून यायची. फायबरमधून वीज येत नाही, फक्त प्रकाश येतो. घरात बसवलेला डबा, म्हणजे ओएनटी, तुमच्याच प्लगवर चालतो. गिरगावात किंवा मुलुंडला वयस्क आईवडील एकटे राहत असतील, तर लँडलाइन बदलताना सगळ्यात जास्त विचार याच गोष्टीचा करा.

कनेक्शन घेण्याआधी कंपनीला विचारून घ्या: प्लॅनमध्ये फोन आहे का, तो वेगळा सुरू करून घ्यावा लागतो का, आणि डब्यावर फोनचा पोर्ट असेल का. नंबर टिकेल हे मोबाइलसारखं गृहीत धरू नका. त्याच कंपनीची लाइन तांब्यावरून फायबरवर नेताना जुना नंबर राहू शकतो, पण तसं लेखी घ्या. कंपनी बदलत असाल तर ०२२चा नवा नंबर मिळेल असं धरूनच चाला.

डबा कुठे बसवायचा ते माणूस यायच्या आधी ठरवा, नाहीतर तो दाराशीच लावून जाईल. जवळ प्लग हवा आणि पावसाचे शिंतोडे उडतील अशी खिडकी शेजारी नको. फायबर सरकत्या खिडकीच्या पट्टीतून आत घेऊ देऊ नका, काच सरकवताना ती चिरडते. वळण देताना निदान ३ सेंटिमीटर त्रिज्या ठेवा. हिरव्या पिनचं टोक उघडं असेल तर त्यात डोळा घालू नका आणि बोटही लावू नका.

फोनची बारीक पिन, म्हणजे आरजे-११, 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' लिहिलेल्या पोर्टमध्ये लावा. ती लॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या तारेच्या, मोठ्या भोकातही शिरते, पण तिथे डायल टोन मिळत नाही. टोन आला की एक फोन बाहेर करा, एक आत घ्या, आणि बँकेच्या हेल्पलाइनवर 'मराठीसाठी अमुक दाबा' म्हणतात तिथे बटण दाबून पाहा. बटण पोचत नसेल तर फोनखालचा खटका 'टोन'वर आहे का बघा. चकतीच्या जुन्या फोनवरून आलेला फोन घेता येतो, पण त्यावरून फिरवलेला नंबर बऱ्याच ओएनटींना कळत नाही.

आता खोल्याखोल्यांतले जुने सॉकेट. भिंतीतली वायर वापरता येते, मात्र बाहेरून येणारी तांब्याची जोडी आधी सोडवलीच पाहिजे. ती जोडलेली राहिली तर एक्स्चेंजची वीज ओएनटीच्या पोर्टवर येते आणि पोर्ट जळू शकतो. लाइन बंद झाली असं कंपनीने सांगितलं तरी हे करा. मुख्य रोझेट, म्हणजे बाहेरची लाइन घरात जिथे जोडलेली असते ती छोटी पेटी, उघडा, बाहेरच्या दोन्ही तारा सोडवून टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा आणि घरातल्या वायरवर मल्टिमीटर शून्य व्होल्ट दाखवतोय याची खात्री करा. मग पोर्टपासून जवळच्या सॉकेटपर्यंत फोनची दोरी टाका. जोडल्यावर उघड्या तारांना हात लावू नका, रिंग वाजताना चांगला झटका बसतो. दोन-तीन साधे फोन सहसा वाजतात. रिंग क्षीण झाली तर एक काढा. सोसायटीच्या इंटरकॉमची जोडी पुष्कळदा त्याच पेटीत असते, तिला या वायरीत अजिबात मिसळू नका. एवढं करायचं नसेल तर दोन हँडसेटचा कॉर्डलेस घ्या. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असेल, तर त्याचा बेस वाय-फायपासून निदान मीटरभर लांब ठेवा.

विजेची सोय म्हणजे मिनी यूपीएस, दिवे गेले की डब्याला वीज देणारी छोटी बॅटरी. अ‍ॅडॉप्टरवरचा छापील आकडा वाचा: बहुधा १२ व्होल्ट असतो, अँपिअर १ ते २. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर जास्त चालतील. पिनची जाडी आणि आतलं टोक धन आहे ना, हेही जुळवा. ३.७ व्होल्ट, २००० एमएएचचे ४ सेल म्हणजे सुमारे ३० वॉट-तास. रूपांतरात जातं ते सोडून २५ धरा. डबा १० वॉट खात असेल तर अडीच तास मिळतात. कॉर्डलेस असेल तर त्याच्या बेसलाही बॅकअप लागेल, हे हमखास विसरलं जातं. त्यापेक्षा वायरचा एक साधा फोन थेट डब्याला लावून ठेवा, त्याला वेगळी वीज लागत नाही. बसवल्यावर डब्याचा स्विच बंद करून खरोखर फोन लावून बघा आणि दर पावसाळ्याआधी हीच चाचणी करा. तुमची वीज असूनही इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या कंपनीच्या यंत्राची गेली तर फोन बंदच पडेल, म्हणून आणीबाणीसाठी चार्ज केलेला मोबाइल जवळ हवाच.

१५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लावावा लागतो, फायबरवरही तेच. स्पीड डायलमधले नंबर तसे दुरुस्त करा. आईवडिलांसाठी ११२ आणि घरच्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत फोनशेजारी चिकटवा.

बिघाड दिव्यांवरून ओळखता येतो. 'लॉस' (LOS) लिहिलेला दिवा लाल म्हणजे प्रकाशच येत नाही: फायबर वाकली, तुटली किंवा रस्ता खोदताना कापली गेली. डबा बंद-चालू करून उपयोग नाही, तक्रार नोंदवा. नेट चालू आणि फोनचा दिवा विझलेला असेल तर नंबर कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेला नाही. दोन मिनिटं वीज काढून पाहा, तरी नाही आला तर 'नेट चालू, व्हॉइस बंद' असं नेमकं सांगा, म्हणजे ते फायबर तपासत बसणार नाहीत. दिवा लागलेला पण टोन नाही, तर घरची वायरिंग काढून एकच फोन थेट पोर्टला लावा. टोन आला तर दोष वायरीत आहे. वाय-फायसाठी स्वतःचा राउटर घेतलात तरी तो ओएनटीच्या लॅन पोर्टला जोडा, ओएनटी काढू नका, कारण फोनचा पोर्ट तिच्यावर आहे.

जुनाच नंबर फायबरवर नेला नसेल, तर नवा फोन आठवडाभर नीट चालला की मगच जुनी लाइन बंद करायचा अर्ज द्या. त्याआधी बँक, गॅस एजन्सी, डॉक्टर आणि सोसायटीच्या ऑफिसात नवा नंबर नोंदवा. अर्जाची पोच घ्या आणि अनामत रक्कम परत मिळण्यासाठी शेवटचं बिल जपून ठेवा.