फाइंड, ग्रेप, आरएम: या चुका टाळा (मी काही करून बसलोय)

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी तोंड पाडून येतं, "अरे फाइल्स गेल्या, परत आणता येतील का?" आणि मला पुढचं सगळं आधीच माहीत असतं. आरएम म्हणजे लिनक्सच्या टर्मिनलमध्ये फाइल्स उडवणारी कमांड, आणि तिला रीसायकल बिन नाही. गेलं ते गेलं. बॅकअप असेल तर ठीक, नसेल तर चहा पी आणि परत कामाला लाग.

सगळ्यात आधी माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केलीय. फाइंडमध्ये, म्हणजे फाइल्स शोधणाऱ्या कमांडमध्ये, -डिलीट कुठे लिहायचं ही. लोकांना वाटतं ऑप्शन्स कुठल्याही क्रमाने दिले तरी चालतात, बाकीच्या बऱ्याच कमांड्समध्ये चालतं पण. फाइंड मात्र डावीकडून उजवीकडे एकेक गोष्ट तपासत जातं, आणि -डिलीट ही अट नाही, ते काम आहे. ते -नेमच्या (नावाच्या अटीच्या) आधी आलं की फाइंड प्रत्येक फाइल आधी उडवतं आणि मग तिचं नाव बघतं. म्हणजे नाव बघून उपयोग काय!

माझं असं झालं की सर्व्हरची डिस्क भरली होती, रात्रीचे साडेअकरा, फोनवर एक जण "झालं का, झालं का" करतोय. मला फक्त जुने लॉग काढायचे होते. वरचा बाण दाबून आधीची कमांड आणली आणि घाईत -डिलीट मध्येच घुसवलं, टिंबाच्या (म्हणजे चालू फोल्डरच्या) लगेच पुढे. एंटर. कमांडला जरा जास्तच वेळ लागला तेव्हा पोटात गोळा आला, कंट्रोल सी मारलं, एलएस करून फाइल्सची यादी बघितली तर अर्ध्याहून जास्त फोल्डर साफ. लॉग गेलेच, सोबत लोकांनी दिवसभर अपलोड केलेल्या फाइल्सही गेल्या. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो, पण त्या एका दिवसाचं काम लोकांना परत करायला लावलं आणि ती बोलणी मी निमूट खाल्ली.

तेव्हापासून मी फाइंड मराठीत बोलून बघतो. आपलं क्रियापद शेवटी येतं ना, "या फोल्डरमधल्या, नावाच्या शेवटी .लॉग असलेल्या, महिन्यापेक्षा जुन्या फाइल्स उडव." अगदी त्याच क्रमाने लिहायचं, "उडव" शेवटी. आणि पहिल्यांदा -डिलीट लिहायचंच नाही, नुसती यादी बघायची, ती ओळी मोजणाऱ्या डब्ल्यूसी -एलला पाइप करून (म्हणजे तिकडे ढकलून) किती ओळी येतात ते बघायचं. ४० अपेक्षित असताना ४००० आल्या तर थांबायचं. घाई असेल तर यादी दोनदा बघायची.

याचीच धाकटी बहीण म्हणजे -ओ, म्हणजे "किंवा". "-नेम '*.टीएमपी' -ओ -नेम '*.बॅक' -डिलीट" असं लिहिलं तर फक्त दुसऱ्या प्रकारच्या फाइल्स जातात, पहिल्या तशाच राहतात. दोन्ही अटी कंसात घाला, कंसाआधी बॅकस्लॅश.

-नेमपुढच्या स्टारला कोट्स लावा. नाही लावले तर तो स्टार फाइंडपर्यंत पोचतच नाही, शेल (आपण टाइप केलेली ओळ आधी वाचणारा प्रोग्रॅम) आधीच त्याच्या जागी चालू फोल्डरमधल्या फाइल्सची नावं भरतं. दोन फाइल्स जुळल्या तर निदान एरर तरी येते, एकच जुळली तर फाइंड गुपचूप तेवढ्याच नावाची फाइल सगळीकडे शोधत बसतं आणि तुम्ही म्हणता "बाकीच्या फाइल्स नाहीतच वाटतं".

नावात स्पेस असेल तर फाइंडची यादी पुढच्या कमांडला द्यायला साधा एक्सआर्ग्ज वापरू नका. "जुना रिपोर्ट" चे दोन तुकडे होतात, आणि पुढे आरएम असेल आणि "रिपोर्ट" नावाची वेगळीच फाइल तिथे असेल तर ती बिचारी फुकट मरते. फाइंडला -प्रिंट० द्या, आणि एक्सआर्ग्जला -०. मी तर आता सरळ फाइंडलाच -एक्झेकने कमांड चालवायला सांगतो आणि शेवटी प्लस लावतो, विषय संपला.

आता एमव्ही, फाइल्स हलवणारी किंवा त्यांचं नाव बदलणारी कमांड. याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून जास्त राग येतो. एका सहकाऱ्याने लूप लावून तीनेकशे फोटो "जुने" नावाच्या फोल्डरमध्ये हलवले. फक्त तो फोल्डर बनवायचा राहिला होता. पहिल्या फोटोचं नावच "जुने" झालं, दुसरा त्याच्यावर जाऊन बसला, तिसरा दुसऱ्यावर, असं करत शेवटी "जुने" नावाची एकच फाइल उरली. एकही एरर नाही! लूपच्या आधी एकदा एलएस केलं असतं तर कळलं असतं, पण इंटरनेटवरून उचललेला लूप होता, "चालतो" म्हणून चालवला. फोल्डरच्या नावापुढे स्लॅश द्यायची सवय लावा, "जुने/". मग फोल्डर नसेल तर एमव्ही ओरडतं. वर -एन लावलंत तर असलेल्या फाइलवर दुसरी बसतही नाही.

ग्रेप फाइल्समधला मजकूर शोधतं, आणि त्यात टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. १.५ शोधाल तर १२५ पण मिळेल. -एफ द्या, मग टिंब म्हणजे टिंबच. ग्रेपच्या नावातच रेग्युलर एक्सप्रेशन (अशा खास चिन्हांचा नमुना) आहे, एड नावाच्या जुन्या एडिटरमधल्या जी/आरई/पी वरून ते आलंय, तेव्हा तक्रार करू नका.

ग्रेप किंवा सॉर्टचं आउटपुट > ने त्याच फाइलमध्ये परत ढकलू नका, शेल आधी फाइल रिकामी करतं आणि मग कमांड चालवतं.

फाइंडमध्ये -एमटाइम (शेवटचा बदल होऊन किती दिवस झाले) +७ म्हणजे कमीत कमी ८ दिवस जुनं, कारण पूर्ण दिवसच मोजले जातात.

आरएमला -आय चा अलायस लावणं, म्हणजे नुसतं आरएम लिहिलं तरी ते दरवेळी विचारून उडवेल असं करणं, मला अजिबात आवडत नाही. त्याच्या भरवशावर हात सैल होतो आणि दुसऱ्या मशीनवर अलायस नसतो. शिवाय आरएम -आरएफ लिहिलं की नंतर आलेला -एफ त्या -आय ला गप्प करतोच.

आणि शेवटचं, भली मोठी लॉग फाइल उडवूनही डीएफमध्ये (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) जागा तेवढीच दिसत असेल तर अजून काही उडवत सुटू नका. कुठल्यातरी प्रोग्रॅमने ती फाइल उघडी धरून ठेवलीय. एलएसओएफ +एल१ ने तो कोण ते बघा आणि त्यालाच रिस्टार्ट करा, जागा लगेच सुटते.