गाडी हलण्याआधी रक्त फिरलं पाहिजे

संशोधनासाठी गावोगावचे रक्तनमुने एकाच पद्धतीने गोळा करायचे, तर फिरत्या प्रयोगशाळेतलं सगळ्यात मोलाचं यंत्र म्हणजे सेंट्रीफ्यूज, ट्यूब गरगर फिरवून रक्तातल्या पेशी आणि द्रव वेगळे करणारं. न फिरवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या खोलीच्या तापमानात ताशी साधारण ५ ते ७ टक्के साखर घटते, मे महिन्यात बीड-परभणीकडे त्याहून जास्त. त्यात खड्ड्यांतून तासभर हादरे बसले की लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं. म्हणून सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर वर उरणारा द्रव, गावातच वेगळं करायचं, मग गाडी हलवायची.

गाडी सपाट जागेवर, कडुलिंबाच्या सावलीत लावा. जागा सपाट आहे का ते पाणसळीने बघा. यंत्र तिरकं असलं की थरथरतं आणि वेगळा झालेला थर पुन्हा ढवळला जातो. लोडशेडिंग गृहीत धरून जनरेटर आधी चालवून पाहा.

नमुना उपाशीपोटी हवा, म्हणून उपवासाचा घोळ आदल्या दिवशीच मिटवा. आपल्याकडे ‘उपवास’ म्हटलं की साबुदाणा आणि भगर आलीच. त्यामुळे ‘रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही नाही, चहा नाही, तंबाखू नाही’ असं स्पष्ट सांगा आणि एकादशी-चतुर्थी टाळा. सकाळी सातलाच सुरू करा, नाहीतर बाया खुरपायला निघून जातात. नमुना दिल्यावर पोहे-चहा द्या.

संमतीपत्र वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्यांचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. आशाताई नोंदणीला मदत करत असतील तर साक्षीदार दुसरं कुणीतरी पाहा.

नमुना देणाऱ्याला पाच मिनिटं खुर्चीत बसवा. उन्हातून चालत आलेल्याचं रक्त लगेच घेऊ नका. दंडाला बांधलेला पट्टा एक मिनिटाच्या आत सोडा. ‘मूठ उघडा-मिटा’ असं सांगू नका, त्यानेही पोटॅशियम वाढतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. सुई २१ नंबरची.

ट्यूबांचा क्रम झाकणाच्या रंगानुसार ठरलेला: फिकट निळी, मग लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी करडी. जांभळीतलं ईडीटीए (रक्त साकळू न देणारं रसायन) चुकून सीरमच्या (लाल किंवा पिवळ्या) ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली दिसतं. निळी ३-४ वेळा, पिवळी ५ वेळा, हिरवी, जांभळी आणि करडी ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलट्या-सुलट्या करा. खळाखळा हलवू नका. लेबल तिथेच, त्या माणसासमोर लावा. एका गावात एकाच नावाची चार माणसं सहज निघतात, तेव्हा भरवसा बारकोडवर.

रक्त साकळण्यासाठी पिवळी ट्यूब ३० मिनिटं, साधी लाल ६० मिनिटं उभी ठेवा. घाईने फिरवली तर सीरममध्ये जाळं धरतं आणि पिपेट तुंबतं. नमुना घेतल्यापासून दोन तासांत फिरवणं संपवा: १००० ते १३०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट जोर), १० मिनिटं. नोंदवहीत नुसता ‘आरपीएम’ (मिनिटाचे फेरे) लिहू नका. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात ३००० आरपीएम म्हणजे साधारण १००० जी, तर १५ सेंटिमीटरच्या यंत्रात तेच १५०० होतात. दोन गाड्यांतली यंत्रं वेगळी असली की ‘एकसारखी पद्धत’ इथेच मोडते.

करड्या ट्यूबवर फार विसंबू नका. साखर टिकवण्यासाठी तिच्यात असलेल्या फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला एक ते चार तास लागतात. ट्यूब लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि आधी तीच फिरवा. मात्र गोठवलेली जेल पाकिटं न फिरवलेल्या रक्ताला थेट चिकटू देऊ नका, मध्ये जाड कापड ठेवा, नाहीतर रक्त गोठून पेशी फुटतात. घेतल्याची, फिरवल्याची आणि गोठवल्याची अशा तिन्ही वेळा प्रत्येक नमुन्यापुढे लिहा.

सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, वापरलेल्या प्लास्टिक ट्यूबा लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळीत. यातलं काहीही शाळेच्या आवारात मागे राहता कामा नये.

परतताना सीरम कोरड्या बर्फात, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये, उणे ७८ अंशांवर. त्या डब्याचं झाकण घट्ट बंद करू नका आणि एसी लावला तरी गाडीची एक काच थोडी खाली ठेवा. बंद जागेत कार्बन डायऑक्साइड साचून चालकाला गुंगी येते.

पुन्हा नमुने घ्यायचे असतील तर तारीख ऊसतोडीकडे बघून ठरवा. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघाल्या की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत पाडव्यापर्यंत म्हातारी माणसं आणि लहान पोरंच भेटतात.