विमानतळावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याची तक्रार करायचीय, पण नाव नको?

2025च्या जूनमध्ये सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. तोवर सोलापूरकराला विमानासाठी पुणं नाहीतर हैदराबाद गाठावं लागायचं. त्या फेऱ्यांतल्या बऱ्याच तक्रारी ओळखीच्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतल्यात. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: “नाव तेवढं नको घालू.”

वेळ, रांगेचा क्रमांक, छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि विमानाचा क्रमांक आत जाऊन बसल्या बसल्या टिपून घ्या. तिथे शूटिंग करत बसू नका, मनाई असते.

नुसतं उर्मट बोलणं असेल तर एअरसेवा (विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) किंवा सीपीग्राम्स (केंद्र सरकारचं सर्वसाधारण तक्रार पोर्टल) पुरे. सीपीग्राम्सवर निपटाऱ्याची मुदत 21 दिवसांची आहे. पण नोंदणी करावीच लागते, म्हणजे हा मार्ग निनावी नाही.

पैसे मागितले, अधिकार वापरून अडवलं, तर गोष्ट वेगळी. इथे लोक हमखास सल्ला देतात, “सही न करता पत्र टाक.” साफ चूक! निनावी आणि खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करू नये, असं सरकारी खात्यांतल्या भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय दक्षता आयोगानेच 2014 साली खात्यांना कळवलंय. मीही असं एक बिनसहीचं पत्र टाकून वर्षभर वाट पाहिलीय. तुम्हाला निनावी नको, गुप्त तक्रार हवी. त्यासाठी केंद्र सरकारचा 2004चा ठराव आहे, पीआयडीपीआय (PIDPI) नावाचा, तक्रारदाराची ओळख जपणारा. नाव-पत्ता खरा द्यायचा, आयोग तो झाकून मजकूरच पुढे पाठवतो.

आणि मी नेमका त्या मजकुरातच अडकलो. एका विमानतळावर सामान सोडायला पैसे मागितले, म्हणून मी रागाच्या भरात लिहिलं, “माझे शेंगा चटणीचे चार डबे अडवले.” पाकीट चिकटवताना बायको म्हणाली, “अहो, त्या दिवशी चार डबे घेऊन दुसरं कोण गेलं असेल?” फाडलं आणि पुन्हा लिहिलं. तेव्हापासून माझा नियम: त्या कर्मचाऱ्याबद्दल मिनिटासकट सगळं लिहायचं, स्वतःबद्दल काही नाही. आसन क्रमांक नको, आजारपण नको, सोलापूरसुद्धा नको. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर, त्याच पाकिटात. आणि प्रत दुसऱ्या कुणालाही नाही, आमदारालाही नाही! एकदा बाहेर फुटलं की आयोग तरी काय झाकणार?

पाकिटावर इंग्रजीत ठळक पीआयडीपीआय आणि पत्ता: सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली 110023. पाठवणाऱ्याचं नाव बाहेर नको. काउंटरवर मागितलं तर ती अक्षरं दाखवा. अशा पाकिटांवर नावाचा आग्रह धरू नये, अशा टपाल खात्याच्या सूचना आहेत.

पोच येत नाही, स्मरणपत्रं पाठवू नका. मात्र खातरजमेसाठी आयोगाचं पत्र तुमच्या पत्त्यावर येऊ शकतं. भाड्याची खोली बदलायची असेल तर गावाकडचा पत्ता द्या.